मंदिराच्या पायाला राख चालते, मग घराच्या स्लॅबला का नको?

अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी श्रीरामलल्लांची प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हा देशभरातील घराघरांत त्या मंदिराचे वर्णन कौतुकाने वाचले गेले. राजस्थानातील बन्सी पहाडपूरचा गुलाबी दगड, नागर शैली, तीनशे ब्याण्णव खांब, आणि लोखंडाचा तुकडाही न वापरता उभी केलेली वास्तू, या गोष्टी शाळकरी मुलांनाही आता पाठ आहेत. मात्र हा सारा भार ज्याने आपल्या अंगावर घेतला आहे, त्या पायाची चर्चा तुलनेने फारच थोडी झाली.

शरयूच्या गाळाने आणि वाळूने बनलेली ती भूमी. आरंभी तिच्यात खोलवर काँक्रीटचे खांब उतरवून त्यांवर मंदिर उभारण्याचा विचार होता. २०२० मध्ये अशा खांबांची प्रत्यक्ष चाचणी घेतली गेली, तेव्हा निष्कर्ष समाधानकारक आले नाहीत. निरनिराळ्या आयआयटींतील आणि रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतील तज्ज्ञ पुन्हा एकत्र बसले. ठरले ते असे, की भुसभुशीत माती उपसून काढावयाची आणि त्या प्रचंड खड्ड्यात काँक्रीटचे थरावर थर अंथरून, प्रत्येक थर रोलरने दाबून, जमिनीखाली एक मानवनिर्मित खडकच घडवावयाचा. सुमारे चौदा मीटर जाडीचा हा खडक आज मंदिराखाली आहे. त्यात सळई नाही. आणि त्या मिश्रणात सिमेंट, खडी व दगडाची भुकटी यांच्या जोडीला आहे औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी राख. जिला तंत्रज्ञ ‘फ्लाय अॅश’ म्हणतात आणि वीज केंद्रांच्या परिसरातील गावे शाप म्हणतात, तीच ही राख.

हजार वर्षे टिकावे म्हणून बांधलेल्या मंदिराच्या पायात ही राख विचारपूर्वक घातली गेली. त्याच देशातील मध्यमवर्गीय गृहस्थ मात्र स्वतःच्या तीन खोल्यांच्या सदनिकेची चौकशी करताना बांधकाम व्यावसायिकाला पहिला प्रश्न विचारतो, “सिमेंट त्रेपन्न ग्रेडचेच वापरता ना? ते राखेचे भेसळीचे तर नाही?” व्यावसायिकही लगेच छातीवर हात ठेवून ग्वाही देतो. ‘राख म्हणजे भेसळ’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची नव्हे, तर गेल्या चार-पाच दशकांतील आहे आणि ती निखालस चुकीची आहे.

मुळात सिमेंट बनते कसे, हे येथे पाहावयास हवे. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. निघालेल्या खड्यांना क्लिंकर म्हणतात आणि ते जिप्समसह दळले, की सिमेंट तयार होते. इतकी उष्णता निर्माण करण्यासाठी कोळसा जळतो, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की सिमेंटमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वाटा इंधनाचा नसून खुद्द चुनखडीचा असतो. चुनखडी तापली, की तिच्यात बंदिस्त असलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यामुळे भट्टी उद्या सूर्यप्रकाशावर चालविली, तरी हा वाटा कमी होणार नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटचे आहे. चीनखालोखाल सर्वाधिक सिमेंट बनविणारा देश भारत आहे आणि येथे वर्षाला चाळीस कोटी टनांहून अधिक सिमेंट तयार होते. तेव्हा उपाय एकच उरतो. काँक्रीट तेवढेच मजबूत ठेवून त्यातील क्लिंकर कमी करावयाचे.

राखेचे काम येथे सुरू होते. सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर काँक्रीटला बांधून ठेवणारे संयुग तयार होते आणि त्याबरोबर मोकळा चुनाही निर्माण होतो. हा चुना ताकदीच्या दृष्टीने फारसा कामाचा नसतो. बारीक राखेतील सिलिका या मोकळ्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि त्यातून तेच बांधणारे संयुग पुन्हा तयार होते. काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरून निघतात, पाणी आणि खारी हवा आत शिरण्यास वाट उरत नाही. काँक्रीट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही कमी होते, म्हणून धरणासारख्या अवाढव्य कामांत तडे कमी जातात. ही भेसळ नव्हे. वाया जाणाऱ्या चुन्याला कामाला लावणारी ही युक्ती आहे.

आणि ही युक्ती भारतीयांना नवी नाही. लीड्‌सच्या जोसेफ अॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ मध्ये. भारतात पोरबंदरला सिमेंटचे व्यापारी उत्पादन सुरू झाले ते १९१४ मध्ये. तोवर या देशात चुना आणि सुरखी होती. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि गारा पाण्याखालीही घट्ट होतो, हे रसायनशास्त्राची परिभाषा न जाणणाऱ्या आपल्या पाथरवटांना आणि गवंड्यांना अनुभवाने माहीत होते. सह्याद्रीतील किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक आणि त्याची वर्तुळाकार चर आजही दिसते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. खडकवासल्याला त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दरवाज्यांमुळे ते महाराष्ट्राला परिचित आहेत. म्हैसूरजवळ कावेरीवरील कृष्णराजसागर धरण ज्या सुरखी-चुन्यात बांधले गेले, ते धरण आजही पाणी अडवून उभे आहे.

येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे, त्यावरून ‘प्राचीन भारतात सिमेंट होतेच’ असा दावा उत्साहाच्या भरात केला जातो. तो लेप वनस्पतींच्या काढ्यापासून आणि डिंकांपासून करावयाचा आहे. मूर्ती आणि देवालये सांधण्यासाठी तो सांगितला आहे आणि त्याचे मोल त्याच्या जागी आहे. त्याला सिमेंट ठरविण्याची आवश्यकता नाही. जे खरोखर आपल्याकडे होते, त्या सुरखीचाच वारसा इतका भक्कम आहे, की त्याला अतिशयोक्तीचा टेकू लागत नाही.

आता या राखेचे दुसरे, कुरूप रूप पाहू. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, सर्वसाधारणपणे तीस ते पंचेचाळीस टक्के. म्हणजे शंभर मालगाड्या कोळसा जाळला, तर तीस-चाळीस गाड्या राख उरणार. १९९६-९७ मध्ये देशात वर्षाकाठी जवळपास सात कोटी टन राख निघत होती आणि तिच्यातील दहा टक्केसुद्धा वापरात येत नव्हती. उरलेली पाण्यात कालवून तलावांत साठविली जाई. १९९९ मध्ये केंद्र सरकारने राखेच्या वापराविषयी पहिली अधिसूचना काढली, पुढे २००३, २००९, २०१६ आणि २०२१ मध्ये तिच्यात बदल झाले. आज वर्षाला तीस कोटी टनांच्या आसपास राख निघते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक राखेचा ‘विनियोग’ झाल्याचे आकडे प्रसिद्ध होतात. ही प्रगती खरोखर अभिमानास्पद आहे. फक्त ‘विनियोग’ या शब्दाच्या पोटात काय काय सामावले आहे, हे पाहिले पाहिजे. त्यात सिमेंटचा वाटा मोठा आहे, पण सखल जमिनी भरणे आणि बंद पडलेल्या खाणी बुजविणे हेही त्यातच मोजले जाते. ज्या राखेतून शंभर वर्षांचा पूल उभा राहू शकतो, ती खड्ड्यात लोटणे म्हणजे वापर म्हणावा काय?

राखेचे साचलेले तलाव काय करू शकतात, ते विदर्भाने अनुभवले आहे. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला. राखेचा लोंढा शेतांत शिरला, कोलार नदीत गेला, तेथून कन्हानला मिळाला. कन्हान ही नागपूरच्या पिण्याच्या पाण्याची नदी. चंद्रपूर जिल्ह्यात तर मोठे औष्णिक वीज केंद्र आहे आणि राजुरा-कोरपना भागात चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखानेही आहेत. एकीकडे राखेचे ढीग, दुसरीकडे त्याच जिल्ह्यात चुनखडीसाठी पोखरली जाणारी जमीन! या दोहोंचा मेळ जितका अधिक बसेल, तितका डोंगर वाचेल आणि शेतही वाचेल.

महाराष्ट्राने हा मेळ बसवून दाखविलेला आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी जी धरणे बांधली गेली, ती रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातील पहिली धरणे होत. त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखेचे प्रमाण अधिक आहे. अयोध्येच्या पायाचे तंत्र म्हणजे एका अर्थाने सह्याद्रीच्या कड्यावर आधीच पारखून घेतलेले तंत्र. २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या उच्च क्षमतेच्या काँक्रीटमध्येही राख आणि मायक्रोसिलिका आहे. तेथे सळया आहेत, समुद्राच्या लाटा आहेत आणि खारी हवा आहे. काँक्रीटमध्ये राख असल्यामुळे खाऱ्या पाण्यातील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचण्यास अधिक काळ लागतो, म्हणून ती तेथे जाणीवपूर्वक निवडली गेली. कोकणपट्टीत घर बांधणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

राखेप्रमाणेच पोलाद कारखान्यांच्या झोतभट्टीतून निघणारी धातुमळी. वितळलेली मळी पाण्याच्या झोताने एकदम थंड केली, की काचेसारखी कणीदार होते, आणि ती बारीक दळली, की सिमेंटची जागा मोठ्या प्रमाणावर घेऊ शकते. भारतीय मानक संस्थेने पोर्टलंड स्लॅग सिमेंटमध्ये सत्तर टक्क्यांपर्यंत मळी मान्य केली आहे. राखेच्या सिमेंटमध्ये, म्हणजे पीपीसीमध्ये, ही मर्यादा पस्तीस टक्के आहे. गोणीवर ‘५३’ हा आकडा नसतो म्हणून पीपीसी कमकुवत, हा निव्वळ गैरसमज आहे. त्या सिमेंटला ग्रेड लिहिण्याची पद्धतच नाही. स्लॅबची ताकद गोणीवरच्या आकड्यावर नव्हे, तर मिश्रणाच्या आराखड्यावर, पाण्याच्या प्रमाणावर आणि नंतरच्या देखभालीवर ठरते.

मग ‘राखेच्या सिमेंटचा स्लॅब गळतो’, ‘लवकर पकड घेत नाही’ या तक्रारी सगळ्याच खोट्या आहेत काय? नाहीत, आणि त्या खोट्या म्हणून झटकून टाकणे हे या विषयाच्या पुरस्कर्त्यांनी केलेले मोठे नुकसान आहे. राख आपले काम सावकाश करते. साधे सिमेंट सात दिवसांत जितकी ताकद मिळविते, तितकी राखमिश्रित सिमेंट त्या अवधीत मिळवीत नाही. पण छप्पन्न किंवा नव्वद दिवसांनंतर पाहिले, तर ते बरोबरी करते आणि अनेकदा पुढेही जाते. या काळात त्याला ओलावा हवा असतो. आयएस ४५६ या संहितेनुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, तर राख अथवा मळी असलेल्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. हवा उष्ण व कोरडी असेल, तर हाच अवधी चौदा दिवसांचा होतो. मराठवाड्यातील वैशाखात चौदा दिवस पाणी मारणारा ठेकेदार किती ठिकाणी भेटतो? चौथ्या दिवशी बारदान वाळते, आठव्या दिवशी सेंटरिंग निघते, कारण त्या फळ्या पुढल्या मजल्यासाठी हव्या असतात. अशा स्लॅबमध्ये राख चुन्याशी संयोग पावण्यापूर्वीच पाणी संपलेले असते. छिद्रे उघडी राहतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, सळईभोवतीचे क्षारीय कवच लवकर नष्ट होते आणि गंज धरतो. दोष राखेचा नसतो, घाईचा असतो. परंतु घर ज्याचे गळते, त्याला हा भेद सांगून त्याचे समाधान होत नाही. म्हणून राखेचा आग्रह धरणाऱ्याने देखरेखीचाही तितकाच आग्रह धरला पाहिजे. अन्यथा पहिल्याने दुसऱ्याची बदनामी होते.

आणखी एक गफलत टाळावयास हवी. तलावात पाण्याबरोबर साचलेली राख आणि धुराड्याआधीच्या यंत्रणेत कोरडी गोळा केलेली बारीक राख, या दोन्ही एक नव्हेत. काँक्रीटसाठी आयएस ३८१२ च्या कसोटीस उतरलेली कोरडी राखच चालते. ट्रकने आलेली कोणतीही करडी पूड मिक्सरमध्ये लोटणे ही मात्र खरोखरच भेसळ होय.

राखेनंतर प्रश्न येतो राडारोड्याचा. मुंबई, ठाणे, पुणे, डोंबिवली येथे जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा रात्रीच्या अंधारात खाडीकाठच्या खारफुटीत, टेकडीच्या उतारावर किंवा मुठेच्या पात्रात जाऊन पडतो, हे कोणापासून लपलेले नाही. देशात असा राडारोडा वर्षाला पंधरा कोटी टन निघत असावा, असा शासकीय अंदाज आहे. त्यावर प्रक्रिया करण्याची क्षमता २०२० च्या सुमारास जेमतेम एक टक्का होती. दिल्लीतील बुराडी येथे २००९ मध्ये या प्रकारचा देशातील पहिला प्रकल्प उभा राहिला. नोएडातील जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत जमीनदोस्त झाले, ते दृश्य सर्वांनी पाहिले. त्यातून उरलेल्या सुमारे ऐंशी हजार टन ढिगाऱ्यापैकी काही भाग तेथीलच प्रक्रिया केंद्रात गेला, ही बातमी मात्र आतल्या पानावर राहिली.

राडारोडा दळून केलेल्या खडीविषयी अवास्तव आशा बाळगण्याचे कारण नाही. तिच्या अंगाला जुना गिलावा चिकटलेला असतो, ती पाणी अधिक शोषते आणि तिच्यापासून केलेले काँक्रीट अधिक आकसते. म्हणूनच आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने तिला परवानगी दिली, पण हात राखून दिली. सळईच्या काँक्रीटमध्ये खडीच्या वीस टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ पर्यंतच, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या दुर्बळ काँक्रीटमध्ये मात्र शंभर टक्के. ही मर्यादा शहाणपणाची आहे. फरसबंदीचे ठोकळे, कुंपणाच्या भिंती, रस्त्याचा थर, पायाखालचे पीसीसी एवढी कामे जरी राडारोड्यावर भागली, तरी नदीपात्रातील वाळूवरचा आणि डोंगरातील खाणींवरचा ताण कितीतरी हलका होईल.

याहून आशादायक वाट दिसते ती मातीची. स्वित्झर्लंडमधील लोझानची तंत्रविद्या संस्था, क्युबातील एक विद्यापीठ आणि आपल्या दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांनी मिळून विकसित केलेल्या ‘एलसी-थ्री’ सिमेंटमध्ये क्लिंकर निम्मे असते. तीस टक्के भाजलेली चिकणमाती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि उरलेले जिप्सम. माती भाजावयाची ती सातशे ते साडेआठशे अंशांवर, म्हणजे क्लिंकरच्या भट्टीपेक्षा कितीतरी कमी तापमानात. चिनीमातीच्या खाणींत निकृष्ट म्हणून टाकून दिलेली मातीही यास चालते. कार्बन उत्सर्जन साधारण तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते. २०२३ मध्ये भारतीय मानक संस्थेने आयएस १८१८९ हे मानक काढून या सिमेंटला मान्यता दिली. बारकाईने पाहिले, तर ही सुरखीच आहे! भाजलेली माती आणि चुना हेच तत्त्व प्रयोगशाळेतून तावून-सुलाखून, मोजमापासह परत आले आहे. ते भारतीय व विदेशी वैज्ञानिकांच्या सहकार्यातून आले, याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. खंत एवढीच, की सुरखीची परंपरा ज्यांच्या घरची, त्या देशाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ती दीर्घकाळ ‘कालबाह्य’ या एका शब्दात गुंडाळली गेली.

पाश्चात्त्य राष्ट्रे या विषयावर भारताला उपदेश करतात, तेव्हा मनात राग येणे स्वाभाविक आहे. त्यांची शहरे बांधून झाली, त्यांचे रस्ते झाले, आणि आता १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने सिमेंटसह काही मालावर सीमेवरच कार्बनचा आकार लागू केला आहे. भारतात दरडोई सिमेंटचा वापर जगाच्या सरासरीहून कमीच आहे. आपल्याला अजून कितीतरी घरे, शाळा, रुग्णालये बांधावयाची आहेत आणि ती बांधण्याचा आपला अधिकार कोणी नाकारू शकत नाही. शिवाय टनामागे होणारे उत्सर्जन भारतीय सिमेंट उद्योगाने १९९६ मधील १.१२ टनांवरून २०१० पर्यंत ०.७१९ टनांवर आणले होते, तेही युरोपच्या कराची वाट न पाहता. ‘शोषण नव्हे, दोहन’ हे तत्त्व आपण जगाला सांगतो. गाईची धार काढताना वासराचा वाटा राखावयाचा असतो, तसा डोंगराचाही राखावयाचा, हे ब्रुसेल्सच्या नियमावलीतून शिकण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

संघाने शताब्दीनिमित्त जे पंच परिवर्तन समाजापुढे ठेवले, त्यात पर्यावरण आहे, ‘स्व’वर आधारित जीवनशैली आहे आणि नागरिक कर्तव्यही आहे. कार्यकर्ते झाडे लावतात, पाणी वाचवितात, प्लास्टिक गोळा करतात. हे काम मोलाचे आहेच. तथापि मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात जे सर्वांत मोठे उपभोगाचे कृत्य करते, ते म्हणजे घर, आणि त्याविषयी आपल्या बैठकांत कधी चकार शब्द निघत नाही. आयुष्यभर कापडी पिशवी वापरून वाचविलेले सारे एका स्लॅबच्या दिवशी निघून जाते, असे कोणी म्हटले तर ते फार चूक ठरणार नाही.

ज्या गृहनिर्माण संस्थेत पुनर्विकासाचा करार होऊ घातला आहे, तेथील चर्चा सामान्यतः किती चौरस फूट अधिक मिळणार आणि भाडे किती महिन्यांचे, यातच संपते. त्याच करारात चार ओळी अधिक घालता येतात. जुन्या इमारतीचा राडारोडा महानगरपालिकेच्या अधिकृत प्रक्रिया केंद्रात पोहोचल्याच्या पावत्या संस्थेला मिळाव्यात. पायाखालचे पीसीसी आणि आवारातील फरसबंदी पुनर्वापरातील खडीची असावी. आरसीसी कामात राख वा मळी असलेले सिमेंट वापरावे, त्याचा मिश्रण आराखडा संरचना अभियंत्याने प्रमाणित करावा आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी अठ्ठावीस दिवसांबरोबरच छप्पन्न दिवसांनीही घ्यावी. पाणी मारण्याच्या दिवसांची नोंदवही बांधकामाच्या जागी राहावी आणि संस्थेच्या सभासदाला ती केव्हाही पाहता यावी. केंद्राने २०२५ मध्ये काढलेले बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणार, असे अधिसूचनेतच नमूद आहे. मोठ्या प्रकल्पांच्या व्यावसायिकांवर त्यांनी पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. या अटी मागणाऱ्या संस्थेला आता कायद्याचाही आधार मिळतो. सेवानिवृत्त अभियंते जवळपास प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक संस्थेत असतात. सकाळी दहा वाजता स्लॅबवर जाऊन बारदान ओले आहे की नाही, एवढे पाहण्यास त्यांना कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.